सोळाव्या पानावरचा थोरला

या, असे जवळ सरका. दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर ऐकलेली गोष्ट सांगतो. ऑफिसच्या नाटकात काम मिळालेला एक कारकून सुजलेला गाल धरून बायकोशेजारी बसला होता.

“थोरल्या भावाचं काम आहे माझं. सगळं घर माझीच वाट बघतं.”

“आणि तुम्ही उगवता कधी?”

“सोळाव्या पानावर.”

“पण अख्खं नाटक नाही ना करत तुम्ही? त्यातला उतारा कुठवर बसवलाय?”

“पंधराव्या पानापर्यंत.”

“वा! म्हणून दोन महिने तालमीला धावताय होय?”

“शेवटी बाहेरून कडी मीच वाजवतो.”

“मग दाढी कशाला वाढवलीत? कडीसाठी?”

“आई पहिल्या रांगेत बसणार आहे गं. तिला काय सांगू?”

“काही सांगू नका. घरी वाजवता तशीच वाजवा, दार मोडेल अशी. सासूबाई बरोबर ओळखतील.”

तर मंडळी, कुठल्याही नाटकात कडी वाजली, की दाराआडच्या त्या थोरल्याची आठवण ठेवा.