थंडीची टोपी

नऊ मे, शनिवार. सकाळी आठपासून मी माझ्या मुलीच्या, एस्तरच्या वेण्या सोडायला बसले होते. डोक्यावर साठ-सत्तर बारीक वेण्या, टोकदार दांडीच्या कंगव्याने एकेक उकलायची, अर्धा दिवस जातो. घालायचं काम माझ्या नणंदेचं, सोडायचं माझं, ही वाटणी एस्तर चार वर्षांची असल्यापासूनची. त्याआधी मी आमच्या पद्धतीने खोबरेल थापून, बारीक दातांच्या कंगव्याने तिचे बापावर गेलेले कुरळे केस ओढून तिच्या दोन घट्ट वेण्या घालायचे. कानाजवळचे केस तुटून टक्कल दिसायला लागलं, तेव्हा नणंदेने कंगवाच माझ्या हातातून काढून घेतला. रविवारी एस्तरचं दृढीकरण होतं, म्हणजे चौदाव्या वर्षी पोरं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतात ते. म्हणून केस नव्याने गुंफायचे होते.

मी मूळची नगरची. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आई चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायची. नर्सिंग करून फ्रँकफर्टला आले, वृद्धाश्रमात लागले, त्याला चोवीस वर्षं झाली. कोफी घानाचा, विमानतळावर कार्गोत होता, आमची भेट चर्चच्या गायकमंडळातली. काय सांगू तुम्हाला, लग्नाचं कळवलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, ख्रिस्ती आहे ना, मी म्हटलं हो, पुढे ती काही बोललीच नाही, आणि त्या न बोलण्याचीच मी धास्ती घेतली. कोफी चार वर्षांपूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेला. आता आम्ही दोघी, आणि त्याची बहीण अबेना. मी तिला वन्सं म्हणते, ती म्हणते हे काय नाव आहे का, पण हाक मारली की ओ देते.

आमचे रविवार वाटलेले. एक जर्मन चर्चचा, तिथे मासिकासाठी फोटो काढायचा झाला की एस्तरला पुढे आणून उभं करतात, दरवर्षी तिलाच. एक घानाच्या मंडळीचा, तिथे पोरं तिला इंडियन म्हणतात. महिन्यातून एकदा मराठी प्रार्थना, तिथे फोटोत ती आपोआप कडेला जाते, कोणी ढकलत नाही, तरी जाते. ऊबानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, तिकीट तपासणारे सरळ तिच्याकडेच येतात, मग मी माझं तिकीट त्यांच्या नाकासमोर धरते, आधी हे बघा म्हणते. मी स्वतःला फार खंबीर समजायचे.

तर त्या शनिवारी अकराच्या सुमाराला दृढीकरणासाठी माझा दादा आणि वहिनी त्यांच्या गावाहून, गेर्लिंगेनहून आले. वहिनीने चहा घेतला, पिशवीतून केस सरळ करायची इस्त्री काढली आणि म्हणाली, एका दिवसापुरते सरळ करून देते, फोटो नगरला जाणार, चार लोक बघणार. मी म्हटलं, वहिनी, ठेवा ती आत. त्यावर वहिनी म्हणाली, अहो, मला कशाला बोलता, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावताना तुम्हीच तर हिला टोपी घालता, का घालता ते काय मला ठाऊक नाही?

खरं होतं ते. एस्तर लहान असल्यापासून नगरला फोन लावायचा की आधी टोपी. आजी विचारेल म्हणून मी आपणहून सांगायचे, थंडी आहे गं इकडे. जुलैतसुद्धा.

एस्तरला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती उठली. अर्धं डोकं वेण्यांचं, अर्धं मोकळं. म्हणाली, म्हणजे थंडी नव्हतीच. मग म्हणाली, उद्या मी येणार नाही, जिला माझं डोकं झाकावं लागतं तिच्या शेजारी उभी राहून मी देवासमोर काय कबूल करू? मी आत्याकडे राहायला जाते. आणि तिने अबेनाला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर सगळं सांगितलं.

दादा म्हणाला, पोरगी आहे, विसरेल. मी म्हटलं, दादा, तू गप्प बस.

अबेना तासाभरात आली. मला वाटलं भांडेल, बॅग भरायला घेईल, कोफीच्या दफनाच्या दिवशीच ती म्हणाली होती, मुलगी आमचीही आहे. तिने एस्तरला विचारलं, तुला वेण्या हव्यात का? एस्तर म्हणाली, हव्यात. अबेना खुर्चीत बसली, कंगवा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, आज मी हात लावणार नाही, तू घालायच्या.

दहा वर्षांत मी एकही घातली नव्हती. उरलेल्या सोडल्या, केस धुतले, दुपारी दोनला सुरुवात केली. अबेना बसल्या जागेवरून सांगत होती, घट्ट नको, भांग वाकडा गेला, सोड, परत घाल. वहिनीने न विचारता पोळ्या लाटल्या. संध्याकाळी आठला शेवटची वेणी झाली, माझी बोटं वळत नव्हती. एस्तरने आरशात बघितलं, वाकडं आहे म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. येणार की नाही, ते सांगितलं नाही.

सकाळी साडेसातला तिचं दार वाजवलं. पांढरा फ्रॉक घालून पलंगावर बसली होती, बूट घातले नव्हते. मी तिच्या शेजारी बसले आणि नगरला फोन लावला. आईचे गुडघे गेलेत, ती हल्ली रविवारीही घरीच असते. चित्र आलं. आईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, टोपी निघाली वाटतं, संपली का गं एकदाची तुमच्याकडची थंडी?

म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं.

मी म्हटलं, थंडी नव्हतीच, आई. मला लाज वाटायची. हे मी मराठीत, एस्तरला ऐकू जाईल असं म्हणाले. आई म्हणाली, ते तुझं तू देवाला सांग, फोन तिच्याकडे दे. मग आशीर्वाद देताना डोक्यावर ठेवतात तसा तिने तिकडून आपला तळहात फोनवर ठेवला, चित्र दिसेना, नुसता प्रार्थनेचा आवाज येत राहिला, आणि एस्तरने फोनसमोर डोकं वाकवलं.

आमेन झालं. एस्तरने फोन माझ्या हातात दिला, बूट घातले आणि दारातून म्हणाली, चल, ट्राम जाईल.