चिंचेवरची जागा

सत्तावन्न सालची गोष्ट. भोपाळला सरकारी क्वार्टर मागायला लागलेल्या रांगेत कांचन उभी होती. बाबा अर्ज वाचण्यात गुंग. पुढे दोन म्हाताऱ्या होत्या आणि भर उन्हात त्यांची सावली काही पडत नव्हती.

"वन्सं, नागपूरहून ऑफिस हललं, आपण फायलींच्या कपाटात बसून आलो. अजून कपाटातच."

"आज झाड मिळेल, रत्नप्रभा. सीनियॉरिटी माझी. मी प्लेगात गेले, तू नंतर तापात."

"तुळशी नगरातल्या कोपऱ्यावरच्या क्वार्टरची चिंच मागा. खाली माणसं आली की त्यांना घाबरवायचं."

कांचन पुढे सरकली. बाबांच्या अर्जात तेच क्वार्टर होतं.

"आजी, खाली आम्हीच येणार. या ना तुम्ही. आम्ही सात भावंडं आहोत."

"सात?"

"सगळी चिंचेवरच असतात. थोरला फांदीवर बसून बाजा शिकतो."

"वन्सं, कपाट काय वाईट आहे?"

"छे गं. वाळवीसुद्धा गुपचूप खाते."

पुढची जागा रिकामी झाली. खिडकीतल्या बाबूने अर्ज ओढला.

"घर में कितने लोग?"

"तीन ही, साहब. हम दोनों और ये इकलौती बिटिया."