इस्त्री केलेले दोन गणवेश

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे संपादक महाशय, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले वार्ताहर साहेब, त्यांच्या पत्नी, आणि समोरच्या वाचक मंडळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? शाळेत गणित शिकवते, त्यामुळे विचारायची खोड आहे.

माझी ओळख करून देताना निवेदक जरा अडखळले, ते मी पाहिलं. मीच सांगते. साहेबांचं जे पुस्तक इतकं गाजलं, ज्यात नवरा बायकोचा गळा दाबतो, त्यातली बायको म्हणजे माझी धाकटी बहीण. घरच्या माणसानं चार गोड शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा. आहेत ना माझ्याकडे गोड शब्द. साहेब कष्टाळू. तुरुंगात जाऊन तिच्या नवऱ्याला कितीदा तरी भेटले. त्याचं बालपण, त्याची गेलेली नोकरी, त्याचा एकटेपणा, सगळं असं लिहिलंय की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. माझ्याही आलं, आणि मग स्वतःचाच संताप आला.

बहिणीला भेटणं मात्र साहेबांना शक्य नव्हतं. मग ती पुस्तकात आली कशी? नवऱ्यानं सांगितली तशी. सतत टोचून बोलणारी, तोंडाची फटकळ. त्या सकाळी ती काहीतरी बोलली, त्याचा तोल गेला आणि रागाच्या भरात हात गळ्याशी गेले, असं ते प्रकरण संपतं. फटकळ होती, हो. आमच्या घरात सगळ्याच तशा आहोत, तुम्ही ऐकताच आहात.

पण साहेब, तुम्ही माझ्याकडेही आला होतात. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलात आणि मी तुम्हाला सगळं सांगितलं. ती वेगळी राहायला निघाली होती, भाड्याची खोलीही बघून ठेवली होती. ते त्याला कळलं. आदल्या संध्याकाळी तो लेकीला घेऊन माझ्या दारात उभा. ज्या माणसानं पोरीला कधी शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं नाही, तो. हातातल्या पिशवीत तिचे दोन गणवेश, इस्त्री करून, घडी घालून. म्हणाला, "ताई, राहू दे हिला दोन-चार दिवस. घरात जरा काम आहे." मी बरं म्हटलं. आता मला सांगा, रागाच्या भरात माणूस आदल्या दिवशी इस्त्री करत बसतो का?

तुम्ही ऐकलंत, हळहळलात. पुस्तकात मात्र ते आलं नाही. मी फोन केला तेव्हा म्हणालात, "बाई, ते घातलं असतं तर तो नुसता खलनायक झाला असता. वाचक त्याच्यापासून तुटला असता." तुटलाच असता. कोर्टात मी हेच सांगितलं होतं आणि कोर्टानं ते मानलंही. पण निकालपत्र कोण वाचतं? पुस्तक सगळे वाचतात.

माझ्या भाचीनंही वाचलं. मीच वाढवलेली पोर, आता सज्ञान झाली आहे. तिला त्या संध्याकाळचं आठवतं ते एवढंच, की बाबांनी वाटेत बिस्किटं घेऊन दिली. येत्या सोमवारी तो शिक्षा भोगून सुटतोय, आणि परवा हिनं बॅग भरली. म्हणते, "मी बाबांकडे राहणार. त्यांचा तोल गेला होता गं मावशी. आई तेव्हा गप्प बसली असती तर?" मी गणवेशांचं सांगितलं, तर म्हणाली, "तसं असतं तर पुस्तकात आलं नसतं का? तू आईची बहीण, तू असंच म्हणणार."

मंडळी, मला भीती वाटते. त्या घरात ती एकटी असेल, आणि तीही तोंडाची फटकळच आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, संयोजकांनी आठवणीनं बोलावलं, सगळ्यांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये हे मलाही कळतं. काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. साहेबांचं उत्तराचं भाषण अजून व्हायचं आहे. साहेब, त्यात आमचे कुणाचे आभार मानत बसू नका. माझी भाची तिसऱ्या रांगेत बसली आहे, पुस्तकावर तुमची सही घ्यायला आली आहे. माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही काय ऐकलंत आणि काय गाळलंत, तेवढं तिच्याकडे बघून सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुमच्यावर आहे.