टिकटिकीची साक्ष

“‘हात खोटं बोलेल, मेट्रोनोम नाही बोलणार,’ आमचे मास्तर म्हणायचे.”

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारे व्हायोलिनवादक बायकोला सांगत होते.

“तरी बोटांची थरथर डॉक्टरांना सांगा.”

“कसली थरथर? महिनाभर त्या लय मोजणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीबरोबर रियाज करतोय, एकदाही मागे पडलो नाही.”

“गोळ्या दिल्या तर घ्याल ना?”

“गोळ्या तुझ्या काळजीला दे. परवाच्या कार्यक्रमात बघ कसा वाजवतो.”

“परवा नका जाऊ.”

“का? रोज लय तूच लावून देतेस ना? मला कुठे ते आकडे दिसतात.”

“अहो, मी रोज थोडी थोडी हळू लावत होते. तुमचा पडलेला चेहरा बघवेना. वाटलं होतं, कानाला तरी कळेल.”