साहेबांचं नशीब

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपले मालक. मंचावर बसलेले सन्माननीय पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या रंगजुळवणी खोलीचे आज निवृत्त होणारे प्रमुख, मोठे साहेब. पहिल्या रांगेत बसलेली साहेबांच्या घरची मंडळी, वहिनी आणि जावईबापू. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे मिक्सरवाले, डबेवाले, गाडीवाले भाऊ, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अठ्ठावीस वर्षांना पाच मिनिटं, म्हणजे हिशेब तसा साहेबांच्या पद्धतीनंच झाला आहे. थोडी जास्त घेईन. चहा गार झाला तर शिव्या मला द्या.

तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक गौरवपत्रिका ठेवली आहे. तिच्यात साहेबांनी स्वतःचं मनोगत लिहिलंय. पान तीन, खालून चौथी ओळ. मी वाचते. ‘आमच्या बाईंना नशिबानं नजर लाभली, मला मात्र प्रत्येक छटा मेहनतीनं कमवावी लागली.’ आमच्या बाई म्हणजे मी. ओळ सुंदर आहे. मी ती काल घरी चारदा वाचली, आणि चौथ्यांदा वाचल्यावर आजचं लिहून आणलेलं भाषण फाडून टाकलं. त्यात साहेबांची बरीच स्तुती होती.

यश नशिबानं मिळतं की मेहनतीनं? शाळेत या विषयावर आपण सगळ्यांनीच निबंध लिहिलेत. आमच्या खोलीत तर भिंतीवर पाटीच आहे, ‘प्रयत्नांती परमेश्वर’. तिच्याखाली उभं राहून मी काम शिकले. पहिली दोन वर्षं नुसत्या रंग घोटायच्या काचा धुतल्या. मग गिऱ्हाइकानं आणलेल्या नमुन्याशेजारी कागदाच्या पट्टीवर रंग ओढायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, नजर बाजूला न्यायची, परत आणायची. रोज साठ-सत्तर पट्ट्या. कपड्याची झाक नमुन्यावर पडते म्हणून बारा महिने राखाडी कोट. माझी भाची लहानपणी विचारायची, मावशी, तू कैदी आहेस का? याला जर नशीब म्हणत असतील तर असं नशीब वैऱ्यालाही नको.

साहेबांनी मेहनत केली नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायचं माझं वय नाही. फडताळावरच्या चाळीस डब्यांपैकी कुठला कुठे आहे, हे त्यांना पाठ होतं. डोळे मिटून सांगायचे. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! आणि नमुना तयार झाला की मला बोलावून विचारायचे, “बाई, तुम्हाला काय वाटतं?” मला वाटायचं, केवढा हा मोठेपणा, हाताखालच्या बाईचं मत घेतात.

मग बावीस वर्षांपूर्वीचं ते दवाखान्याचं काम आलं. जुन्या लोकांना आठवत असेल. फिकट हिरवट राखाडी रंग हवा होता. मी तीन दिवस बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. इकडे नळ फुटला, फडताळ भिजलं, डब्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि सफाईवाल्यानं डबे पुसून जमतील तसे परत लावले. साहेबांनी एकट्यानं रंग जुळवला. मी कामावर आले त्या सकाळी रंगाऱ्यांचा मुकादम दारात उभा. म्हणाला, साहेब, आजारी माणसं ठेवायची आहेत, वऱ्हाड नव्हे. सबंध मजला गुलाबी झाला होता.

मी नमुना आणि पट्टी शेजारी शेजारी धरली. साहेबांनी बराच वेळ पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “फरक कुठे आहे?”

तेव्हा मला कळलं. साहेबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत.

साहेब, पाणी घ्या. बसा. मला संपवू द्या.

डोळ्यांत दोष असणं हा गुन्हा नाही. तो जन्मानं येतो, माझी नजर आली तसाच. त्या दिवशी डब्यांच्या खोलीत साहेब रडले. म्हणाले, मुलगी लहान आहे, नोकरी गेली तर घर उघड्यावर पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई, झाकूनच ठेवा. मी ठेवली. रजेवर जाताना मीच चिठ्ठ्या निष्काळजीपणानं लावल्या, म्हणून डबे चुकले, असं थोरल्या मालकांना लिहूनही दिलं. त्यानंतर बावीस वर्षं एकही पट्टी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय या कारखान्याबाहेर पडली नाही. सुटीच्या आदल्या दिवशी मी पुढच्या कामांच्या पट्ट्या करून ठेवत होते. साहेबांना पारितोषिकं मिळाली, मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या हो.

दोनदा माझं नाव उपप्रमुख म्हणून पुढे आलं. दोन्ही वेळा कुणीतरी तो निष्काळजीपणाचा कागद फायलीतून वर काढून ठेवला. मी म्हटलं, असेल आपलं नशीब. गेल्या आठवड्यात फायली सांभाळणारे काका निवृत्तीआधी मन मोकळं करायला माझ्याकडे आले. कागद दोन्ही वेळा साहेबांनी स्वतः मागवला होता. म्हणजे जे हात माझ्यापुढे जोडले, त्याच हातांनी. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझं नेणारं कर्म शेजारच्या टेबलावर बसून रोज माझ्या डब्यातलं लोणचं खात होतं.

कुणाला वाटेल, बाई जळून बोलतायत. हो, जळतेय. पण खोटं बोलत नाही. आज आयुष्यात पहिल्यांदा राखाडी कोट घरी ठेवून मी रंगीत कपडे घालून आले. दारात साहेब भेटले, तुमच्यापैकी वीसजण तिथे होते. प्रेमानं म्हणाले, “बाई, हिरवा खुलतो तुम्हाला.” तुम्ही हसलात, तुम्हाला वाटलं साहेब थट्टा करतायत. नीट बघा माझ्याकडे. हा विटकरी आहे.

वहिनी, मान खाली घालू नका. तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे.

मालक, आता तुमच्याशी. तुमच्यापुढे जे पाकीट आहे त्यात नव्या प्रमुखाचं नाव आहे. ते जावईबापूंचं आहे. मला साहेबांनीच काल सांगितलं. म्हणाले, पोरगा विक्री विभागातून येतोय, पट्टी कधी ओढली नाही, तुम्ही सांभाळून घ्या. तुमची नजर आहेच. म्हणजे आयत्या बिळात दुसरा नागोबा, आणि बीळ पुन्हा मीच उकरायचं. जावईबापू, तुमच्यावर माझा राग नाही. पण मी सांभाळणार नाही. एक दिवस नाही. माझा राजीनामा लिहून तयार आहे. पाकीट फोडायच्या आधी उद्या सकाळी खिडकीपाशी एक अनोळखी नमुना ठेवा. एका बाजूला त्यांना उभं करा, दुसऱ्या बाजूला मला. जो जुळवेल त्याला खोली द्या. मी हरले तर राजीनामा तिथेच घ्या.

आणि साहेब, तुम्ही पत्रिकेत लिहिलंत की तुम्हाला नशिबानं काहीच दिलं नाही. दिलं होतं. ते अठ्ठावीस वर्षं राखाडी कोट घालून तुमच्या शेजारी उभं होतं. आजपासून तेही निवृत्त झालं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मालकांनी मध्येच थांबवलं नाही, याबद्दल आभार. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला. या खेपेला मात्र चूक माझी स्वतःची असेल.