आमच्या डब्याचं वय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. आमच्या ह्यांना गोट्यांचे जुने, डब्यासकट संच जमवायचा नाद आहे. निपाणीचे एक आप्पा त्यातले जाणकार. आमचा डबा अस्सल जुना निघाला तर त्या बदल्यात ते स्वतःचा लाकडी पेटीतला संच देणार होते. ह्यांना तो दोन वर्षं स्वप्नात दिसत होता.

आप्पा बेळगावला आले. भिंगातून गोट्या बघितल्या, मग डबा उजेडात धरला. आतला पुठ्ठा पिवळाधमक.

“हे पिवळेपण करून येत न्हाय. साठ वर्षं तरी लागत्यात.”

ह्यांचा चेहरा उजळला. मी कपात चहा गाळत राहिले. आमच्या लग्नात अंगठी शोधायच्या खेळाला नणंदेनं ह्याच गोट्या हळदीच्या पाण्यात टाकल्या होत्या आणि ओल्याच डब्यात परत ठेवल्या होत्या. दादाला सांगायचं नाही, अशी मला शपथ होती.

सासूबाईंना नव्हती. डब्यात डोकावून त्या म्हणाल्या, “लग्नातली हळद अजून गेली न्हाय व्हय गं ह्याची?”

आप्पांनी भिंग पुसलं. “आक्का, लग्न तुमचं न्हवं?”

“माझं कुठलं? हिचं. गेल्या महिन्यातलं.”

आप्पांनी आपली पेटी पिशवीत घातली. निघताना मी पाया पडले.

“साठ वर्षं सुखानं संसार कर, पोरी,” ते म्हणाले. “मग दाखव हा डबा.”