बेड सातचा अलार्म

मुलगी : चहा राहू दे, बाबा. आधी हॉस्पिटलच्या अलार्मच्या कोडमधली ही ओळ बघा. तुमचीच ना?

बाबा : माझीच. अठरा वर्षांपूर्वीची. पेशंटच्या नोंदीचा मेमरीतला पत्ता 'इंट' या आकड्याच्या छोट्या जागेत ठेवलाय. मग? आजवर बिनबोभाट चाललंय.

मुलगी : चाललं होतं. गेल्या आठवड्यात वॉर्डात अलार्म चालवणारं नवं मशीन आलं. त्यावर पत्ता चौसष्ट बिटांचा, इंट मात्र बत्तीसचाच. वरचा अर्धा पत्ता छाटला जातो.

बाबा : तर पहिल्याच दिवशी बोंब उठली असती.

मुलगी : पत्ते लहान होते तोवर मावले. काल वॉर्ड भरला, प्रोग्रॅम भलत्याच पत्त्यावर गेला आणि कोसळला. बेड सातचा ऑक्सिजन उतरत होता, अलार्म गप्प.

बाबा : पेशंट?

मुलगी : सिस्टरचं लक्ष गेलं, म्हणून वाचला. आता प्रत्येक खाटेपाशी माणूस उभा केलाय. मला पाचच्या आत दुरुस्ती द्यायचीय.

बाबा : इंटच्या जागी लाँग कर, चौसष्ट बिटांचा. हाय काय अन् नाय काय.

मुलगी : वॉर्डात भागेल. पण डॉक्टरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लाँगसुद्धा बत्तीसच. तिथं परत तेच रडगाणं.

बाबा : मग uintptr_t घाल.

मुलगी : तेच घालतेय. ज्या मशीनवर जेवढा पत्ता, तेवढी त्याची जागा. पण... हा uintptr_t तुम्हाला तेव्हा ठाऊक होता?

बाबा : ठाऊक होता. तेव्हाही होता तो.

मुलगी : आणि ओळीच्या वरची ही बंद केलेली सूचना? 'मोठ्या मशीनवर मावणार नाही' असं कोड तपासणारा कम्पायलर सांगत होता. ती कुणी बंद केली?





बाबा : मीच. त्या दिवशी काम सोपवायचं होतं, साहेब डोक्यावर उभे. म्हटलं, मशीन बदलेल तेव्हा बघू. मग रिटायरच झालो.

मुलगी : अहवालात मी 'जुना कोड' एवढंच लिहिते.

बाबा : जुना म्हणजे कुणाचा? माझं नाव घाल. सूचना बंद केली, तेही.

मुलगी : हॉस्पिटलात अजून मानतात हो तुम्हाला.

बाबा : मानू देत. तू लिही. अशा ओळी किती सापडल्या?

मुलगी : चाळीस.

बाबा : त्रेचाळीस आहेत.